टाकीवरचं चाक

"सार्जंट, डायलिसिसची यंत्रं थांबलीत. नळाला थेंब नाही." हॉस्पिटलची मेट्रन मर्लीन फोनवर सांगत होती. "संध्याकाळपर्यंत पाणी आलं नाही, तर माणसं हातची जातील."

सार्जंट इयान्थी प्रॉस्परने जीप थेट डोंगरावर घातली. बेटाच्या अख्ख्या राजधानीला पाणी जायचं ते मॉर्न रूज डोंगरातल्या झऱ्यावरच्या टाकीतून. यंदा पावसाने दडी मारल्यापासून तीही अर्धी रिकामीच होती.

इंजिनिअर डन्स्टन ग्रीनिज टाकीपाशी घाम पुसत उभा होता. शहराच्या पाइपाचा व्हॉल्व्ह घट्ट बंद होता. तो फिरवायचं लोखंडी चाक गायब.

"पान्याने नाही फिरत?"

"दांडा पार झिजलाय. मोडला तर नवा जहाजाने यायचा. भंगारवाल्यांचं काम आहे, दुसरं काय?"

इयान्थी वाकली. चाक काढल्यावर चोराने नट पुन्हा दांड्यावर नीट बसवला होता. शेजारी तांब्याच्या केबलचं भेंडोळं तसंच पडलं होतं.

"हा नट कशाने निघतो?"

"खात्याच्या मोठ्या पान्याने. एक माझ्याकडे आहे. दुसरा टाकी सांभाळणाऱ्या आमच्या गॅस्परकडे असायचा. तो वारला."

"आणि खालच्या वाडीला पाणी कुठून जातं?"

"याच टाकीतून. पण त्यांचा पाइप टाकीच्या वरच्या अंगाला बसवलाय. पाणी तिथवर चढतच नाही. चार महिने नळ कोरडे आहेत त्यांचे."

इयान्थी वाडीत उतरली. बायका दारात उभ्या राहून गप्प बघत होत्या. गॅस्परची विधवा ओडील अंगणात नीरफणस भाजत बसली होती. मागच्या दोरीवर चादरी वाळत होत्या.

"मावशी, टाकीवरचं चाक चोरीला गेलंय."

"इथे कोण चोर, पोरी? चोरायला आधी काही असावं तरी लागतं."

"नळाला पाणी येतं?"

"चार महिने झाले बंद होऊन. नदीवरून आणतो."

"नदी आटलीय, मी आत्ताच ओलांडून आले. आणि तुमच्या चादरी अजून ठिबकतायत."

ओडीलचा हात विस्तवावरच थबकला.

"भंगारवाल्याने तांबं सोडलं नसतं," इयान्थी हळूच म्हणाली. "आणि नट परत बसवला नसता. चाक परत लावायचं मनात असलेल्या माणसाने तो जपला. शहराचा पाइप बंद केला की टाकीतलं पाणी चढतं आणि वाडीच्या पाइपात शिरतं. हे ज्याच्या घरात बोललं जायचं, त्याच घरात दुसरा पाना आहे. चाक कुठे आहे, मावशी?"

ओडीलने नीरफणस विस्तवावरून बाजूला काढला.

"डबक्यातलं पाणी पिऊन नातीच्या अंगात त्राण उरलं नाही. खात्याचे उंबरे झिजवले. कोणी डोंगर चढून आलं नाही. आज चाक गेलं, तर इंजिनिअर आला, पोलीस आले." तिने खाली शहराकडे हात केला. "ते पाणी हॉटेलांच्या तलावांत जातं, पोरी. पाहुण्यांना पोहायला."

"हॉस्पिटलही त्याच पाइपावर आहे."

ओडील विस्तवाजवळून उठली. तिने धुण्याच्या टबाकडे बोट दाखवलं. ओल्या कपड्यांखाली चाक होतं.

टाकीवर इयान्थीने चाक बसवलं आणि व्हॉल्व्ह अर्धाच उघडला.

"पूर्ण उघडा," ग्रीनिज म्हणाला.

"म्हणजे वाडी परत कोरडी? हॉटेलांचा फाटा बंद करा. मग एवढं पाणी हॉस्पिटलला पुरेल."

"मंत्र्यांचा फोन येईल, सार्जंट."

तिने नट सोडवला, चाक उतरवलं आणि जीपमध्ये ठेवलं. "हा पुरावा आहे. खटला संपेपर्यंत चाक माझ्या ताब्यात, आणि व्हॉल्व्ह आहे तसाच अर्धा उघडा राहणार. फोन आला तर तसं सांगा."

ओडील बेडीशिवायच जीपमध्ये इयान्थीच्या शेजारी बसली. उतारावर नळापाशी बायकांची झुंबड उडाली होती. ओडीलने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हॉस्पिटलातले सगळे आहेत ना गं?"

इयान्थीने मांडीवरच्या फोनकडे पाहिलं.

"मेट्रनने अजून कळवलं नाही, मावशी," ती म्हणाली आणि गाडीचा वेग वाढवला.