झाकणाखालची सावली

ती कालवं परता रे, करपतील. आणि तू, मोबाईल खिशात घाल आधी. सुट्टीला घरी आलायत ना, मग घटकाभर म्हाताऱ्याचं ऐका. ही काही ऐकीव थाप नाही. त्या रात्री गावातल्या खो घराण्यात मयताची सनई वाजवायला मीच होतो, आणि ज्याच्यावर हे ओढवलं तो पोरगा माझ्याच शेजारी बसून जेवला होता.

चार एप्रिलची रात्र. बर्फ संपला म्हणून म्हाताऱ्या खोच्या मुलीनं, आ-ल्येननं, त्या पोराला बांधावरच्या दुकानात पिटाळलं. सिमाती त्याचं नाव. तुवालूचा, पार भर समुद्रातल्या बेटावरचा. शिष्यवृत्तीवर तैपेईला शिकायला आलेला. दारातून वाकून यावं लागे इतका उंच, आणि स्वभावानं गरीब गाय. कबरी झाडायच्या सणाची सुट्टी लागली, वसतिगृह ओस पडलं, म्हणून त्याचा दोस्त पो-युआन त्याला घरी घेऊन आला. जूनमध्ये पदवी घेऊन तो आईकडे परतणार होता. जेवताना मला तेच सांगत होता, पुस्तकी चिनीत, एकेक शब्द जुळवत.

घरात मात्र पो-युआनचे आजोबा शवपेटीत. दुसऱ्या दिवशी माती द्यायची होती. आ-ल्येन दिवसभर भाच्याला टोचत होती की घरात मढं आहे आणि हा पाहुणे मिरवतोय. सिमातीला ते कळत होतं. म्हणून तो जास्तच कामं करत होता.

म्हातारा खो कसा होता ते तुमच्या बापांना विचारा. गावात त्याचं कुणाशी बोलणं नव्हतं, भांडण सोडून. पन्नाशीच्या पोरावर, पो-युआनच्या बापावर, तो चारचौघांत हात टाकायचा. मेला तेव्हा लोक रडले ते रीत म्हणून.

सिमाती बर्फ घेऊन आला तेव्हा पेटी बंद करायची वेळ झाली होती. गुरुजींनी पुकारलं, "ज्यांचं साल सापाचं, ज्यांचं डुकराचं, त्यांनी पाठ फिरवा." तुम्हाला ठाऊक आहे, दर जन्मसालाचं एक जनावर असतं, आणि ज्याचं पुकारलं त्यानं बघायचं नसतं. त्याची सावली आत पडली तर झाकणाखालीच राहते. पो-युआननं सकाळीच दोस्ताचं जन्मसाल विचारून बोटांवर मोजलं होतं. तू घोडा, म्हणाला होता. घोडा काही पुकारला नाही. म्हणून सिमाती दारातच उभा राहिला, हातात बर्फाची पिशवी घेऊन. पाठीमागे अंगणातला मोठा दिवा. सावली लांबत लांबत थेट पेटीपर्यंत गेली. आम्ही सगळे माना खाली घालून होतो. खिळे ठोकले गेले.

गुरुजी गेले. सिमातीनं बर्फ खाली ठेवला आणि जाऊन म्हाताऱ्याच्या वेताच्या खुर्चीत बसला. पाय पसरून.

आ-ल्येन खेकसली, की ऊठ तिथून. त्यानं तिच्याकडे सावकाश पाहिलं.

"माझ्या खुर्चीतून मला उठवतेस, आ-ल्येन? नवऱ्याला सोडून आलीस माहेरी, आता बापालाही हाकल."

आपल्या बोलीत, पोरांनो. खेड्यातल्या म्हाताऱ्यांची बोली, तोच घोगरा आवाज. त्या पोराला आपल्या बोलीतला एक शब्द येत नव्हता.

पो-युआनचा बाप उठून उभा राहिला. हात जोडलेले, मान खाली. कुणी न सांगता चहा ओतून घेऊन गेला. खुर्चीतल्यानं एक घोट घेतला, उरलेला चहा त्याच्या पायांवर ओतला आणि म्हणाला, "पहाटेच माती द्या. उजाडायची वाट बघू नका."

मग ते ऐकू आलं.

पेटीतून.

ठोकणं नव्हे. कुणीतरी हळू बोलत होतं... थांबत होतं... पुन्हा बोलत होतं. भाषा आमच्यातल्या कुणाचीच नव्हती. पण पो-युआनचा चेहरा पांढराफटक पडला. वसतिगृहात त्यांची एकच खोली. दर रविवारी त्यानं ते बोलणं ऐकलं होतं. सिमाती घरी फोन करायचा तेव्हा. त्यातला एकच शब्द त्याला येत होता.

आई.

"काका," तो माझ्या कानाशी म्हणाला, "त्याचा वाढदिवस जानेवारीत असतो. आपलं नवं वर्ष फेब्रुवारीत लागलं होतं त्या साली. तो घोडा नाही... साप आहे. मी महिना विचारलाच नाही."

तो पहार घेऊन आला. बाप आडवा झाला.

"आजोबा नको म्हणतायत."

"ते आजोबा नाहीत, बाबा. ते अंग सिमातीचं आहे. पेटीतला जीवही त्याचाच आहे."

"बंद पेटी उघडली तर घर बसेल आपलं. आणि तो... तो आपला कोण लागतो?"

खुर्चीतला हसत होता. तोंड मिटून.

पेटीतला आवाज बारीक होत चालला होता. पहाटे माती पडली की संपलं. ते आम्हा सगळ्यांना कळत होतं, आणि कुणी जागचं हललं नाही. मला त्या घराची किळस आली.

उठली ती आ-ल्येन. भावाला तिनं खांद्यानं बाजूला सारलं.

"उघड रे," ती भाच्याला म्हणाली. "जिवंतपणी याला सोसलं. आता मेल्यावरही सोसू?"

पहिला खिळा निघाला.

खुर्ची करकरली. तो उठला होता.

दुसरा खिळा.

पावलं... जवळ. अगदी जवळ.

आतला आवाज थांबला.

तिसरा.

पो-युआनच्या मानेवर हात पडला. थंड. आवळत चाललेला. त्यानं पहार सोडली नाही.

झाकण उचकटलं.

म्हातारा आत होता. आठवड्यापूर्वी मेलेला. डोळे मिटलेले. आणि गाल... गाल ओले होते. कानांपर्यंत ओघळ. ताजे.

मागे सिमाती धाडकन पडला.

पो-युआननं तोंड वळवून झाकण पुन्हा लावलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनीच पाठ फिरवली. कुणाचं साल कुठलं, कुणी विचारलं नाही. मग सिमातीनं डोळे उघडले आणि पुस्तकी चिनीत म्हणाला, "कृपया, पाणी मिळेल का?" आ-ल्येन त्याचं डोकं मांडीवर घेऊन रडली. बापासाठी एवढी रडली नव्हती.

पाणी प्यायला त्यानं तोंड उघडलं, तेव्हा मला दिसलं. दात लाल होते. वर्षानुवर्षांच्या पान-सुपारीनं किटलेले. म्हातारा खो चाळीस वर्षं सुपारी चघळत होता. या पोरानं ती कधी तोंडात घातली नव्हती. तैपेईच्या दातांच्या डॉक्टरनं खरवडून पांढरे केले. सकाळी उठला तर पुन्हा लाल. तेव्हापासून तो तोंडावर हात धरून बोलायचा.

जूनमध्ये पो-युआन त्याला बेटावर पोचवायला गेला. त्यानंच मला सांगितलं. विमानतळावर आई हार घेऊन धावत आली. एवढ्या वर्षांनी लेक दिसला. पोराला राहवेना, हात खाली आला आणि तो तोंडभर हसला.

आई जागच्या जागी थांबली. मग दोन पावलं मागे सरली.