पिवळ्या कार्डांची पुस्तकं

"कुणी चोरलं?" ब्लॉनिड ओरडली. "भुतांच्या पुस्तकांची सगळी फळी कुणी चोरली?"

हॅलोवीनच्या सुटीतला सगळ्यात मोठा दिवस. ब्लॉनिड, तिचा मित्र फिअक्रा आणि त्याची धाकटी बहीण डर्व्हला दरवर्षीसारखी भीतीची पुस्तकं न्यायला वाचनालयात आली होती. फळीवर मात्र कागदाचे हसरे भोपळे!

ब्लॉनिडची आई, तिची मॅमी, इथं एकोणीस वर्षं ग्रंथपाल होती. भीतीच्या प्रत्येक पुस्तकात आणि कॉमिकमध्ये ती एक पिवळं कार्ड ठेवायची. कुणी वाचावं, किती भीती वाटेल, ते स्वतःच्या हातानं लिहिलेलं. मार्चमध्ये ती गेली.

"तक्रार आली होती," नवे ग्रंथपाल कुसॅक म्हणाले. "मुलं घाबरतात म्हणे. मी ती रद्दीत दिली."

"घाबरायलाच तर नेतो आम्ही!" फिअक्रा म्हणाला.

"रद्दीचा शिक्का मारलात?" ब्लॉनिडनं विचारलं. "त्याशिवाय पुस्तक बाहेर जात नाही. मॅमीनं शिकवलंय मला."

कुसॅक घड्याळाकडे पाहू लागले.

"ए, हे बघा!" डर्व्हला फळीखाली रांगत होती. तिच्या बोटांना तपकिरी चुरा लागला होता. "शेगडीत टाकतो ती जळाऊ माती! इथं तर शेगडीच नाही!"

फिअक्रानं ब्लॉनिडकडे पाहिलं. गावात त्या मातीच्या गोण्या एकच माणूस पोचवायचा. ब्लॉनिडचे वडील.

ती धावतच घरी गेली. वडील व्हॅन धूत होते. "वाचनालयातली पुस्तकं कुठं नेलीस?" तिनं विचारलं.

"कुसॅकनी रद्दी म्हणून दिलेली सहा खोकी होती," ते म्हणाले. "हॅलोवीनच्या शेकोटीच्या ढिगात टाकली. का गं?"

"उघडून पाहिलं नाहीस?"

"नाही."

"मॅमीची कार्डं होती त्यात! सगळी!"

त्यांच्या हातातली बादली खाली पडली. "तिच्यानंतर पहिल्यांदाच गेलो होतो तिथं. कधी बाहेर पडतो असं झालं होतं मला."

"मग मला सांगायचंस! मी पाहिलं असतं!" ब्लॉनिडचा आवाज फाटला. "तुम्ही मोठी माणसं काहीच उघडून पाहत नाही!"

वडील आणि तिन्ही मुलं मैदानात पोचली तेव्हा ढीग दोन मजले उंच झाला होता. गावचे वडीलधारे हॅनरॅटीकाका शेकोटी पेटवायला रॉकेलचा डबा घेऊन उभे होते. "बाजूला व्हा रे! पाच मिनिटांत पेटवायचंय! आता तुमच्या पुस्तकांसाठी कोण ढीग उपसत बसणार?"

"डर्व्हला, तुझा हात बारीक आहे," ब्लॉनिड कुजबुजली. डर्व्हलानं ढिगातल्या लाकडी फळ्यांमधून हात घातला, पुठ्ठा फाडला आणि एक पुस्तक ओढून काढलं.

ब्लॉनिडनं ते हॅनरॅटीकाकांच्या नाकासमोर धरलं. "रद्दीचा शिक्का दिसतो? नाही ना? म्हणजे हे अजून वाचनालयाचं आहे. सरकारी पुस्तकं जाळणार, काका? सगळ्या गावासमोर?"

काकांनी डबा खाली ठेवला.

तोवर वडील ढिगाला भिडलेही होते. हातमोजे नाहीत, काही नाही. मग सगळं गावच उपसायला लागलं. तेवढ्यात हाडांचा सापळा रंगवलेला काळा पोशाख घालून कुसॅक आले!

"मुलं घाबरतील ना, सर!" फिअक्रा म्हणाला.

"यातलं तुम्ही कोणतं वाचलंय?" ब्लॉनिडनं विचारलं. सापळ्यानं नकारार्थी मान हलवली. "मग ठरवलंत कसं?"

"बरोबर विचारतेय पोरगी," हॅनरॅटीकाका म्हणाले. "कुसॅक, सोमवारी फळी होती तशी लागली पाहिजे. आणि पोरांनो, आज तुम्ही होतात म्हणून. नाहीतर मी काडी लावलीच होती."

सहाही खोकी निघाली. एक खालून भिजलं होतं. मैदानाच्या कडेला वडील ते उघडून बसले. कार्ड काढायचे, वाचायचे, जपून परत ठेवायचे. हात खरचटले होते.

"मी यातलं एकही वाचलेलं नाही," ते म्हणाले. "ती सारखी म्हणायची, वाच."

ब्लॉनिडनं खोक्यात शोधून एक पुस्तक त्यांच्या मांडीवर आपटलं. "हे घे. मी अजून रागावलेय."

"माहीत आहे."

कार्डावर आईचं तिरकं अक्षर होतं. 'पहिल्यांदाच भीतीची गोष्ट वाचणाऱ्यासाठी. एकट्यानं वाचू नये.'

वडिलांनी ते दोनदा वाचलं. ब्लॉनिड अजूनही त्यांच्याकडे बघत नव्हती. पण ती खोक्याच्या कडेवर टेकली आणि म्हणाली, "सरक थोडा. मोठ्यानं वाच."