वाळल्याशिवाय रंग नाही

दारात रंगारी उभा होता — एका हातात पांढऱ्या रंगाची बादली, दुसऱ्यात रोलर, आणि मिशीच्या टोकांवर धुक्याचे बारीक थेंब. नेलिदाने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि दोन्ही हात पसरून दार अडवलं.

"भिंतीला रोलर लावलात ना, तर तो तुमच्याच डोक्यावर मोडीन."

"आल्या माणसाचं स्वागत असंच करता का?" तो हसला. "मी एलिसेओ. मालकीणबाईंनी पाठवलंय. अठ्ठावीस जुलैच्या आत सगळं पांढरंशुभ्र हवं, म्हणाल्या."

म्हणणारच! देशाचा वाढदिवस आला की काय्याओ बंदराजवळच्या त्या गल्लीत गच्च्यांवर झेंडे चढतात आणि भिंतींवर रंग. पाऊस तिथे पडत नाही. पण जुलै म्हणजे तिथे भर हिवाळा, आणि अख्खा हिवाळा समुद्रावरून ओलं धुकं येतं, आणि बुटांत, गादीत, कपाटात बुरशी धरते. ती धुवायची कुणाला फुरसत? तिच्यावरच पांढरा हात मारायचा, झेंड्याला सलाम ठोकायचा. ऑगस्टात काळे ठिपके पुन्हा हजर. मग भाडेकरूलाच सुनवायचं — घरात कपडे कशाला वाळत घालता!

मागच्या खोलीत नेलिदाच्या वडिलांच्या छातीत तीन हिवाळे खोकला मुरला होता. या भिंतीजवळ आता एक महिनाही काढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एकोणतिसाव्या तारखेच्या बसची दोन तिकिटं तिने काढून ठेवली होती — डोंगरात, आयाकुचोला, काकाच्या कोरड्या घरी. बाबांना बंदर सोडायचं नव्हतं. तिलाही. पण पाच दिवसांत भिंत सुधारली नाही, तर जाणं भाग होतं.

"आत या," ती म्हणाली. "बादली बाहेर."

त्याला मागच्या खोलीत नेऊन तिने कपाट भिंतीपासून ओढलं. मागे सगळं काळंकुट्ट. तिने खरवडायची लोखंडी पत्ती घातली तसा जाड पोपडा सुटून हातात आला — पांढरा, काळा, पांढरा, काळा...

"मोजा."

एलिसेओने मोजले. पांढऱ्या चुन्याचे सात थर. त्याचं हसू मावळलं. "खालचे चार... माझे आहेत. तुम्ही राहायला यायच्या आधी दर जुलैला मीच — मग मी जहाजं रंगवायला गेलो."

"म्हणजे बाबांच्या खोकल्याची सुरुवात तुमच्या हातची."

दुसरा असता तर सटकला असता. याने बाह्या सरसावल्या. "आणखी एक पत्ती आहे?"

खिडकी सताड उघडी, नाकाला फडकी. दोघं खरवडत राहिले. तिने उघड्या भिंतीवर व्हिनेगर शिंपडलं. मदत म्हणून त्याने ब्लीचची बाटली उचलली, तशी तिने त्याचं मनगटच धरलं.

"ठेवा ती! व्हिनेगरवर ब्लीच? विषारी धूर होईल. बुरशीआधी आपण दोघं साफ!"

"दोघं एकत्र... तेवढं तरी बरं."

"जीभ आवरा आणि घासा."

मनगट सोडायला तिला जरा उशीरच झाला.

दुसऱ्या दिवशी भिंत स्वच्छ होती, पण एक कोपरा पाझरतच होता. "धुकं असं एकाच कोपऱ्यात येत नाही," म्हणत एलिसेओ गच्चीवर गेला. मालकीणबाईंची टाकी वाहत होती; पाणी बंद करणारा तरंगता गोळा तुटलेला, आणि पाणी फरशीच्या भेगेतून थेट या भिंतीत. त्याने गोळा बदलला, भेग बुजवली. खाली नेलिदाने पंखा लावला. तीन दिवस तो फिरत होता.

सत्तावीस तारखेला मालकीणबाई ऑर्फेलिंदा, ज्यांना सगळी गल्ली मानाने 'दोन्या' म्हणायची, दारातच किंचाळल्या. "उद्या सण आणि भिंत नागडी?"

"वाळल्याशिवाय रंग नाही, दोन्या," एलिसेओ म्हणाला.

"मग या गल्लीत तुला पुन्हा काम नाही!"

"नको."

नेलिदा पुढे झाली. "टाकी तुमची, गळती तुमची, आणि दोष आमच्या ओल्या कपड्यांना? हे गल्लीला मी सांगू की तुम्ही सांगता?"

दोन्या पाय आपटत जिना उतरल्या.

अठ्ठावीसला सगळी गल्ली पांढरी होती. बाबांनी उघड्या सिमेंटवर तळहात टेकवला, मग गाल. "नेलिदा, कोरडी होतेय गं!" तिने तिथूनच काकाला फोन लावला. आम्ही येत नाही.

एलिसेओ खिडकीपाशी घुटमळत होता. "आठ दिवस मला रोज यावं लागेल. ओल बघायला... म्हणजे भिंतीची."

"आणि भिंत वाळल्यावर?"

"मग... रंग."

"आणि रंगानंतर?"

तो स्वतःच्या नखांतला चुना बघत राहिला. "नेलिदा, मी... मला असं बोलायला..."

"मग मी बोलते. तू मला आवडतोस. काकाला नाही म्हणताना माझ्या मनात फक्त बाबा नव्हते."

बंदरात एका जहाजाचा भोंगा लांबलचक वाजला. तो थांबेपर्यंत एलिसेओ कानापर्यंत लाल झाला होता.

"मलाही," तो म्हणाला. "फार."

"एवढंच?"

"एका दमात एवढंच जमतं. बाकीचं... रोज थोडं थोडं सांगेन."

"सांग," ती म्हणाली आणि त्याचा चुना मुरलेला हात हातात घेतला. "मी कुठे जात नाही."