मूळ जागेवरून कमी

"कोणी विश्वास ठेवणार नाय," अशी सुरुवात करायची कमळाकरची जुनीच खोड. त्या दुपारी रोह्याच्या घरात पोह्यांची बशी हातात धरून तो म्हणाला, "नम्रता, ही गोष्ट जर तुला पटली ना, तर माझं नाव बदल." आवाजात नेहमीची फुशारकी होती.

शेजारचा प्रविण धाटावच्या कारखान्यातली पहिली शिफ्ट करून आला होता. उंबऱ्यावर बसून बूट काढत म्हणाला, "काका, मागल्या खेपेला कुंडलिका नदीतली मगर सांगितलीत. चहा पिणारी."

"ती खरी होती. साखर जास्त घ्यायची."

नम्रता हसली, पण अर्धवट. पेणहून ती सकाळीच आली होती, बापाला कायमचं घेऊन जायचं की नाही ते ठरवायला. काका फार विसरतात, असा प्रविणनंच फोन केला होता. ती कॉम्प्युटरपुढच्या स्टुलावर बसली होती. कीबोर्डवर धुळीचं कापड तसंच होतं, हातात फक्त माउस.

कॉम्प्युटर तिनंच आणून दिलेला, आई गेल्यावर. आई, म्हणजे इंदुबाई, पेणच्या एका गणपती कारखान्यात तीस वर्षं आखणी करायची. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे. रंग झाला, सोनेरी झालं की शेवटचा हात तिचा. श्वास धरून एक भुवई, श्वास सोडून दुसरी. संध्याकाळच्या गाडीनं रोह्याला उतरायची तेव्हा नखांत काळा रंग आणि पदराला कारखान्याचा वास. तिच्या मूर्तींचे दोनशे फोटो घरात होते. नम्रतानं ते कॉम्प्युटरात घातले आणि प्रत्येक फोटोमागे माहिती ठेवायची सोय करून दिली.

"कंपनीच्या स्टोअरात कार्डाला नऊ रकाने," कमळाकर सांगू लागला. "दहावी गोष्ट असली तर समासात कोंबा. हिथं तसं नाय. एका फोटोला चार कप्पे, दुसऱ्याला चाळीस. वाटेल तो कप्पा करा, वाटेल ते नाव द्या. फोटो राहिला एवढुसा, त्याच्यामागचं गाठोडंच मोठं."

मग तो रोज एक फोटो घेऊन बसू लागला. त्या दिवशी साडी कोणती. डब्यात काय. गाडी किती लेट. कोणावर चिडली. पण एकतीस वर्षांची स्टोअरकीपरी हातातून जाते होय? एकच नग दोन ठिकाणी दिसला की स्टोअरात बोंब. म्हणून प्रत्येक नोंदीखाली सवयीनं त्यानं दोन कप्पे केले. कोठून आले: कमळाकर. शेरा: मूळ जागेवरून कमी केले.

"असं कोण लिहितं, काका?"

"मी लिहिलं."

शेरा खरा होतोय, हे कळलं ते निडीच्या पेरूंमुळं. एका फोटोमागे लिहिलेलं होतं, निडी स्टेशनात दोघांची गाडी तासभर अडकली तेव्हा इंदुबाईनं रंग खरवडायच्या पात्यानं पेरू कापून अख्ख्या डब्याला वाटले. त्यानंच लिहिलेलं. वाचताना त्याला मजा वाटली, दुसऱ्या कोणाच्या बायकोची गोष्ट वाचावी तशी.

डोळे मिटून त्यानं ती संध्याकाळ आठवून पाहिली. डबा होता. माणसं होती. पेरू नव्हते, आणि खिडकीजवळची जागा रिकामी होती.

त्यानं शेरा पुसला. सकाळी तो तिथंच. मग लिहिणंच थांबवलं, कीबोर्डवर कापड टाकलं.

कप्पे वाढत राहिले.

हसताना कोणता दात दिसायचा. परसातून हाक कशी मारायची. शेवटच्या दिवशी पाणी मागितलं की चहा.

"उघडून वाचलं की उभी राहते गो," कमळाकर म्हणाला. "बंद केलं की गेली."

प्रविणच्या हातातला बूट हातातच राहिला.

"तुम्ही माझ्याकडं चला," नम्रता म्हणाली. "हे राहू दे हिथंच."

"आणि तिला टाकून येऊ?"

ती हळूच म्हणाली, "सगळं नाय ना गेलं, बाबा? काहीतरी असेल तुमच्यापाशी."

"हाय की. एक हाय. ते मी कधी लिहिलंच नाय. तुझं नाव कसं ठेवलं ते."

"सांगा."

कमळाकरनं तोंड उघडलं. मग पोह्यांचा एक घास घेतला, सावकाश चावला.

मग गोष्ट आली, चांगली भरदार. खांबच्या फाट्यावर बंद पडलेली एसटी. कंडक्टरच्या हातात बाळ. एका म्हातारीनं वाकून पाहिलं नि म्हटलं, नम्रता ठेवा.

सांगता सांगता तो लेकीचा चेहरा बघत होता. ती त्याच्याकडं नाही, कॉम्प्युटरच्या पडद्याकडं बघत होती.

तिचा हात माउसवरून निघाला होता.

"इंदुबाईला सातवा महिना," ती वाचू लागली. "आखणी करताना हात हलला, मूर्तीची नजर खाली उतरली. मालक ओरडला. ती म्हणाली, राहू द्या तशीच. मुलगी झाली तर नाव नम्रता."

कमळाकर मान हलवत ऐकत होता. गोष्ट छान होती.

"थाप मारलीत, बाबा," नम्रता म्हणाली. "खरं हिथं आलंय. चार अकराला." तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. "आत्ता चार बारा झालेत."