उलट्या रेघांचे सहा अंक

ऐन बाजारच्या दिवशी बिभीषणची प्रवासी वाहतुकीची जीप शेवगावात गोरक्षनाथ सरांच्या दारात उन्हात रिकामी उभी होती, आणि आत बिभीषण दीड तास लोहगरुड ऐकत होता. लोहगरुड म्हणजे पोलादी पंख लावून उडणारा, गुंडांना बदडणारा चित्रकथांमधला नायक. निवृत्त शिक्षक असलेल्या सरांकडे त्याचे एकूण एक अंक होते. काल दुपारपर्यंत होते.

"चौदा ते एकोणीस. सहा गेले," सर वैतागून म्हणाले. "उद्या नगरच्या वाचनालयात माझं भाषण. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कोणी बोलावलंय, आणि पडद्यावर दाखवायचं तेच गायब."

धनश्री शांतपणे ऐकत होती. लग्नाआधी स्थळाची गुपचूप चौकशी करून देणं हा पाथर्डीत तिचा धंदा. बिभीषण तिचा चुलतभाऊ. जीप त्याची आणि डोकं तिचं, असा दोघांचा कारभार चालायचा.

"लई भारी अंक आसतील," बिभीषण म्हणाला.

"भारी कसले, टाकाऊ." सरांनी पहिला अंक त्याच्या नाकासमोर धरला. "हे कुंभोजे. एका रेघेत दंड उभा करायचे. तेरा अंक काढले आणि आजारी पडले. मग प्रकाशकानं कुणाला धरून आणलं देव जाणे, नाव छापायचीही लाज वाटली त्याला. लोहगरुड गुंडाला बदडतो आणि त्याच गुंडाच्या आईला पाणी देतो. आणि सावलीच्या रेघा सगळ्या उलट्या." त्यांनी हवेत बोट उजवीकडून खाली डावीकडे ओढलं. "कुंभोज्यांच्या अशा. याच्या बरोबर विरुद्ध. माझ्या भाषणाचं नावच आहे, 'एका हातानं बुडवलेला नायक'. विसाव्या अंकाला कुंभोजे परतले. ऑगस्टमध्ये. त्याआधी दोनच महिने आमचं लग्न झालेलं. सुखं लागोपाठ आली."

ओसरीवर सरांच्या पत्नी पुष्पावतीबाई गोधडी शिवत होत्या. त्यांचा डावा हात झपाझप टाके घालत होता. चहा आणायला उठताना त्यांनी गोधडीची घडी घातली नाही. पाट उचलावा तशी ती सपाट उचलून कडेला ठेवली. कपबशी मात्र रीतीप्रमाणे उजव्या हातानं दिली.

अंक ठेवलेल्या ट्रंकेचं कुलूप शाबूत होतं. किल्ली कायम देवघरातल्या खिळ्याला असायची. आत सहा प्लास्टिकच्या पिशव्या नीट एकावर एक रचून ठेवलेल्या होत्या, रिकाम्या.

सरांचा पुतण्या अमृत याच घरात राहायचा. त्याला विचारताच तो उखडला. "मला ती ट्रंकच घराबाहेर पायजे. चोरायचाच आसता तर पयला अंक चोरला नस्ता का? त्याला गिऱ्हाईक हाय. ह्ये सहा फुकट बी कोन घेत न्हाई."

दोन गल्ल्या पलीकडे राहणारे काकासाहेब हे दुसरे संग्राहक. काल दुपारी ते सरांकडे येऊन गेले होते.

"माझ्याकडं ह्ये सहा हायेत की," त्यांनी गठ्ठाच पुढे ठेवला. "सकाळी गोरक्षनाथानं मागितले. न्हाई म्हनालो. हसायला देत न्हाई मी. मला आवडतात ते."

धनश्रीनं सहाही अंक चाळले. एकोणिसाव्याच्या शेवटी बारीक अक्षरात छापलं होतं, 'तिसगावहून चित्रे पोस्टाने उशिरा आल्यामुळे अंक लांबला. क्षमस्व.'

परत आल्यावर तिनं पहिला प्रश्न पुष्पावतीबाईंना केला. "काकू, माहेर कुठलं तुमचं?"

"तिसगाव."

बिभीषणनं कपाळावर हात मारला. अंक चोरीला गेलेत आणि ही बया स्थळाची चौकशी करतेय. "ताई, अमृतच हाय. चल आता, शेवटची शिटं तरी मिळतील."

"थांब जरा. सर, विकणारा चोर पहिला अंक नेतो. जपणारा पिशवीसकट नेतो. या चोरानं पिशव्या काढल्या, कारण प्लास्टिक चुरचुरतं. अंक अशा जागी ठेवलेत, जिथं रोज माणसांचा हात लागतो."

"कुठं?"

"गोधडीत. कापडाची असून ती दुमडत नाही."

ओसरीवरची सुई थांबली.

"आणि उलट्या रेघा चुकीच्या नाहीत, सर. उजव्या हाताची रेघ तुमच्या बोटासारखी खाली डावीकडे येते. डाव्या हाताची उजवीकडे जाते. चित्रकार डावखुरा होता, तिसगावचा होता, आणि तुमचं लग्न झाल्यावर त्याचं काम बंद पडलं."

सरांनी बायकोच्या डाव्या हातातल्या सुईकडे पाहिलं.

"आमचं वडील चितारी, पन हात थरथरायचं त्यांचं," पुष्पावतीबाई म्हणाल्या. "काम त्यानला आल्तं, काढलं म्या."

"मग चाळीस वर्षांत बोलली का नाहीस?"

"लग्नाच्या आठव्या दिशी तुमी ट्रंक उघाडली. ह्येच सहा दावून पोट धरून हसला. मग काय बोलू? घरात आयकलं, सोसलं. चार लोकांत न्हाई सोसवत. म्हनून लपिवलं."

सरांचा चेहरा पडला. आयुष्यभर प्रत्येक चित्रकाराची रेघ ओळखण्याची ऐट मिरवली होती त्यांनी. त्यांची त्यांनाच लाज वाटली. त्यांनी भाषणाचे कागद टराटरा फाडले आणि कोरा कागद पुढे ओढला.

"उद्या तेच सहा दाखवतो. चित्रकाराच्या नावानिशी." ते लिहू लागले. "पुष्पावती..."

"त्ये नगं," बाई म्हणाल्या. "त्ये तुमच्या घरानं लग्नात ठिवलेलं नाव. चित्रं काढली तवा मी पुष्पावती नव्हते. तवाचं लिवा."

सरांनी लिहिलेलं खोडलं आणि पेन पुन्हा टेकवलं. लोहगरुडच्या हरेक अंकाचा महिना त्यांना पाठ होता. बायकोचं लग्नाआधीचं नाव मात्र त्यांना काही केल्या आठवेना, आणि बाई काही सांगेनात.