आधी तू, मग मी

काचेचा पेला फरशीवर फुटला आणि व्हिनेगरचा आंबट दर्प खोलीभर पसरला!

“आजपासून हे बंद!” माहेरपणाला आलेली नणंद कडाडली. “वहिनी, बाबा किती खंगलेत बघ जरा! जेवणाआधी रोज हे आंबट पाणी... माणसाला जगवतेस की झिजवतेस?”

सासरे शिलाईच्या मशीनवर मान खाली घालून बसले होते. ते तसेच शिवत राहिले, आणि तेच सुनेच्या जिव्हारी लागलं.

सांगावं का सगळं?... ती वाकून काचा गोळा करू लागली. चार महिन्यांपूर्वी सासऱ्यांची साखर साडेतीनशेवर गेली होती, पायाच्या अंगठ्याची जखम भरेना, आणि पायमशीनवर जोर त्याच पायाचा! गोळ्या नियमित घ्या, वजन उतरवा, जोडीला पेलाभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घेऊन बघा, थोडी मदत होईल, असं डॉक्टर म्हणाले. सासरे लहान मुलासारखे अडून बसले, “आधी तू, मग मी!” तेव्हापासून पहिला पेला तिचा. त्यांची साखर उतरली, पोट उतरलं, जखम सुकू लागली... तिच्या पोटातली आग मात्र कुणाला दिसली नाही. उलट सासरेच चिडवायचे, “सूनबाईंना माझ्या नावाखाली बारीक व्हायचंय!”

“बाबा, माझं जाकीट सैल होतंय, आत घ्याल?” विषय बदलायला ती म्हणाली.

सासऱ्यांनी टेप तिच्या कमरेभोवती धरली. मापाच्या वहीत तीस होतं, टेप सव्वीस सांगत होती. त्यांनी पुन्हा मोजलं. टेप पोटाला जराशी आवळली, तशी ती कळवळून वाकली!

“काय झालं गं?”

“काही नाही, बाबा...”

शिवण उसवण्याआधी खिसे उलटे करायची त्यांची जुनी सवय. जाकिटाच्या खिशातून डॉक्टरांची घडी घातलेली चिठ्ठी पडली. नणंदेने ती उचलून मोठ्याने वाचली. “पोटात व्रण. आंबट-तिखट बंद. व्हिनेगर थेंबभरही नको... बाबा, ही दोन महिन्यांपूर्वीची आहे!”

“मग पीत का राहिलीस, पोरी?” सासऱ्यांनी जाकीट बाजूला ठेवलं.

“मी थांबले असते तर तुम्हीही थांबला असतात. अंगठा गेला असता तर... मशीनशिवाय तुम्ही कसे राहिला असतात, बाबा?”

नणंद तिच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडू लागली. “वहिनी, मला माफ कर गं!” सासरे मात्र उठून स्वयंपाकघरात गेले. तिथे बराच वेळ भांड्यांची खुडबुड चालली होती.

ते दोन पेले घेऊन बाहेर आले. एकात त्यांचं व्हिनेगरचं पाणी, दुसऱ्यात थंड दूध. दुधाचा पेला त्यांनी तिच्या ओठांशी नेला.

“आधी तू,” ते म्हणाले, “मग मी.”