तुडवलेली माती

कोपऱ्यातल्या खोलीसाठी माती कमी पडली, निमित्त एवढंच.

बाकीचं घर उभं राहिलं होतं. सारी उमर सिमेंट विकलेल्या माणसाने म्हातारपणी मातीचं घर बांधावं, यावर दोस्तमंडळींनी यथेच्छ तोंडसुख घेतलं. "शेठ, आयुष्यभर लोकांच्या गळ्यात गोण्या मारल्यात आणि स्वतःला मात्र चिखल?" काका हसून म्हणायचे, "गोणीत काय असतं ते मी बघितलंय ना, म्हणूनच."

खरं कारण काकूंचा खोकला. दुकान खाली, घर वर. ती करडी भुकटी वर्षानुवर्षं जिना चढून काकूंच्या छातीत जाऊन बसली होती. डॉक्टरांनी हवा बदला म्हणून सांगितलं. काकांनी हवाच काय, धंदाही बदलला. दुकान विकलं, शहरापासून लांब एका उतारावर जागा घेतली आणि 'निवास-न्याहारी' अशी लाकडाच्या फळीवर पाटी लावली. भिंती मातीच्या, छपरावरचं पाणी टाकीत, अंघोळीचं पाणी उन्हावर तापणार, खरकटं खतात जाणार. पाहुण्यांना सकाळी अंडी, पाव, मध आणि काकांच्या गप्पा. गप्पांचे पैसे नाहीत, असं ते आधीच सांगून टाकायचे.

नव्या घरात काकू पहिल्यांदा सलग झोपल्या, तेव्हा काकांना शांततेनेच जाग आली. घाबरून त्यांनी काकूंच्या नाकाशी हात धरला. श्वास चालू होता. त्या श्वासासाठी हे घर होतं. बाकी सगळं पाहुण्यांना सांगायला.

तर माती कमी पडली. बंद पडलेल्या वीटभट्टीच्या मागे एक खाण आहे असं कळलं, म्हणून काका दुपारचे तिकडे गेले. खाणवाला झाडाखाली बसला होता. उठून आला तो काठी टेकत, एक पाय फळीसारखा ताठ ठेवून. माणूस तोंडाचा मोठा गोड. पाणी दिलं, बसायला पोतं झटकून दिलं.

"खोलीपुरतीच हवी," काका म्हणाले. "पण गुठळ्या असतील तर नको हो. चिखल तुडवायला हल्ली माणसं मिळत नाहीत."

खाणवाल्याने खड्ड्याकडे बघितलं. "गुठळ्या नाहीत. ही तुडवलेली आहे."

"वा. म्हणजे मेहनत वाचली की आमची."

"हो," खाणवाला म्हणाला. "तुमची वाचली."

सगळं रान वाळून कोळ झालं होतं आणि त्या खड्ड्यातली माती ओली होती. काकांनी मूठभर उचलली. कोमट लागली. वास ओल्या लोखंडासारखा. उन्हामुळे असेल म्हणाले आणि गाडी भरून घेतली. जरा जास्तच घेतली. स्वस्तात मिळालेला माल हात राखून घेणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

गवंडी खूश. त्या मातीत पाय घालायचीही गरज पडली नाही, थापली की बसत होती. कोपऱ्यातली खोली बघता बघता उभी राहिली. उरलेल्या मातीचा ढीग मागच्या अंगणात ताडपत्रीखाली झाकून ठेवला.

त्या खोलीत पहिले उतरले ते एक निवृत्त मास्तर आणि त्यांच्या बाई. दोघं इतकी हळुवार की चहाचा कप ठेवतानासुद्धा आवाज करायची नाहीत. सकाळी बाई न्याहारीला आल्या त्या लंगडत.

"काय झालं हो?" काकूंनी विचारलं.

"आमच्या ह्यांनी झोपेत लाथा घातल्या," बाई हसत म्हणाल्या. "लग्नापासूनचा राग एकदाच काढून घेतला बहुतेक." त्यांनी साडी घोट्यावर जराशी उचलली. नडगी काळीनिळी झाली होती.

मास्तर हसले नाहीत. पावाला हात न लावता ते टेबलाखाली आपल्या पावलांकडे बघत बसले होते. जाताना काकांना बाजूला घेऊन एवढंच म्हणाले, "मला स्वप्न पडत होतं. कसलंतरी काम चाललं होतं... आणि ते संपत नव्हतं."

खोली झाडताना काकांना पलंगाशेजारच्या भिंतीत एक खळगा दिसला. टाचेएवढा. मास्तरांची लाथ भिंतीलाही बसली म्हणायची. त्यांनी ढिगातली माती घेऊन खळगा बुजवला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा होता, आणि त्याच्या शेजारी आणखी एक. मधल्या वेळात खोलीला कुलूप होतं.

काकूंना त्यांनी सांगितलं, की ओल धरतेय भिंत. काकू म्हणाल्या, "मग वाळू द्या ना. घाई काय आहे पाहुण्यांची?" पण घाई होती. नवा धंदा, त्यात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचं काकांच्या जिवावर यायचं.

मग आले ते दोघे भाऊ. डोंगर चढायला निघालेले, एकमेकांची टिंगल करणारे. थोरला धाकट्याची पिशवी उचलून आणायचा आणि वर शिव्या द्यायचा. "ह्याला लहानपणी फार लाडावून ठेवलंय, काका. चमचासुद्धा मीच हातात द्यायचा." धाकटा म्हणायचा, "दादा, दे मग."

सकाळी ऊन अंगणात आलं होतं. काकू अंडी उकडत होत्या, काका ट्रेमध्ये चहा घेऊन निघाले. कोपऱ्यातल्या खोलीतून आवाज येत होता. थप. थप. थप. ओला, जड, एका लयीतला. काकांनी साऱ्या धंद्यात असंख्य बांधकामं बघितली होती, तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. चिखल तुडवतानाचा. गवंडी आज कसा काय आला, असं मनात म्हणत त्यांनी कोपराने दार ढकललं.

धाकटा जमिनीवर उताणा पडला होता. थोरला त्याच्यावर उभा होता. दोन्ही हातांनी खिडकीचा गज धरून, अनवाणी, तो पावलं टाकत होता. एक छातीवर, एक पोटावर. पुन्हा छातीवर. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. कामाला लागलेल्या माणसाचा असतो तसा चेहरा. टाच नीट रोवायची, जरा पिळायची, मग उचलायची. धाकट्याच्या तोंडातून दर पावलाला थोडं रक्त बाहेर येत होतं, जमिनीवर पसरत होतं, शेजारच्या भिंतीवर उडत होतं. त्याचे डोळे उघडे होते. तो ओरडत नव्हता, ओरडायला हवाच उरली नव्हती.

ट्रे पडला. काकांनी थोरल्याला कमरेला धरून ओढलं. तो जमिनीतून उगवल्यासारखा घट्ट होता. काकू धावत आल्या आणि त्यांनी हातातलं उकळतं पाणी, अंड्यांसकट, त्याच्या पायांवर ओतलं. तेव्हा तो सुटला. पायांची कातडी वर आली तरी त्याला कळायला वेळ लागला. मग त्याने खाली बघितलं.

"मी... चिखल तुडवत होतो," तो म्हणाला. "मऊ होत नव्हता. सारखं कोणीतरी म्हणत होतं, अजून गुठळ्या आहेत... अजून आहेत."

धाकटा जगला. बरगड्या मोडल्या, एक फुप्फुस फाटलं, पण जगला. पोलिसांना त्याने सांगितलं की मी डोंगरावरून पडलो. थोरला दवाखान्याच्या दारात पाय पोटाशी घेऊन बसला होता. आत जायला तयार नव्हता.

काका तिथूनच तडक खाणीवर गेले. खाणवाला त्याच झाडाखाली होता. त्याने काकांचा चेहरा बघितला आणि पोतं झटकून पुढे केलं.

"तुडवलेली म्हणजे काय?" काकांनी उभ्यानेच विचारलं.

"तुडवलेली म्हणजे तुडवलेली."

"नीट सांगा."

"इथं एकाला तुडवला होता," खाणवाला म्हणाला. आवाज तसाच गोड. "भट्टीवरच्याच माणसांनी, सगळ्यांनी मिळून. कशावरून ते आता कुणाला आठवत नाही. तुडवलेलं आठवतं. त्याच खड्ड्यात, दिवसाढवळ्या, संध्याकाळपर्यंत."

"आणि... काढला नाही बाहेर?"

"काढायचं काय? एकजीव झाला होता."

"मला सांगायचं होतंत," काका म्हणाले.

"सांगितलं की. तुम्हीच म्हणालात, वा, मेहनत वाचली." खाणवाल्याने आपल्या ताठ गुडघ्यावरून हात फिरवला. "त्या मातीत अनवाणी पाय मात्र घालू देऊ नका कुणाला. घातला, तर गुडघा मोडावा लागतो. त्याशिवाय पाय थांबत नाही. माझा बायकोने मोडला. भली होती."

"होती?"

"तिने जरा उशीर केला," खाणवाला म्हणाला.

काका गाडीत बसले आणि तेव्हा त्यांना आठवलं. दवाखान्यात निघताना काकू म्हणाल्या होत्या, "तुम्ही जा पोरांबरोबर, मी तेवढ्यात ती भिंत लिंपून घेते. रक्ताचे डाग बघवत नाहीत."

त्यांनी गाडी कशी चालवली ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

ऊन उतरलं होतं. मागच्या अंगणात ताडपत्री बाजूला पडलेली. काकू चिखलात उभ्या होत्या, घोट्याच्या वरपर्यंत, साडीचा पदर खोचून. फावडं काठावर टाकलेलं. थप. थप. थप. काकांनी हाक मारली. काकूंनी मान वर केली नाही.

"अगं, बाहेर ये."

"आले हो," काकू म्हणाल्या. पावलं थांबली नाहीत. "एवढ्या गुठळ्या झाल्या की..."

काकांनी बूटमोजे घातलेच होते, पण धावता धावता चिखलाने एक बूट ओढून घेतला, मग दुसरा. त्यांनी काकूंना दंडाला धरून जोरात काठाकडे ढकललं. काकू पालथ्या पडल्या, अर्ध्या चिखलात, अर्ध्या बाहेर. त्यांचा उजवा हात काकांच्या पुढ्यात पसरला होता. काका उचलायला वाकणार होते. त्याऐवजी त्यांनी पाऊल टाकलं.

बोटं टाचेखाली फुटली. वाळलेली गुठळी फुटावी तशी, एकेक. आणि काकांना बरं वाटलं. हे त्यांनी पुढे कधीच कुणाला सांगितलं नाही. सबंध जन्मात ज्या बाईवर हात उचलला नव्हता, तिची बोटं पायाखाली मऊ होत होती आणि त्यांना काम मार्गी लागल्यासारखं बरं वाटलं. मोजे फाटून चिखल बोटांच्या बेचक्यांत शिरला होता. कोमट होता. त्यांचा दुसरा पाय उचलला गेला आणि काकूंच्या पाठीवर बसला. आत काहीतरी कडकन मोडलं. काकूंनी श्वास घेतला, तो अर्ध्यात अडकला आणि खोकला आला. जुना, दुकानावरच्या घरातला खोकला.

त्या खोकल्याने काका क्षणभर पुन्हा स्वतःचे झाले.

"गुडघा..." ते म्हणाले. जीभ दगडासारखी झाली होती. "फावडं घे... गुडघ्यावर मार."

"अहो—"

"मार. थांबत नाहीये... मार."

पाय पुन्हा उचलला. काकूंनी डाव्या हाताने फावडं ओढलं आणि पडल्या पडल्या, कुशीवर वळून, घातलं. पहिला घाव नडगीवर बसला. दुसऱ्याने वाटी फुटली आणि हाड चामडी फाडून बाहेर आलं. काका कोसळले ते काठाबाहेर, कोरड्या जमिनीवर. तिथे मात्र त्यांनी बोंब मारली. दुखण्याने, आणि पाय थांबला म्हणूनही.

काकू जगल्या. उजव्या हाताची बोटं वाकडीच राहिली, त्या हाताने आता कप धरता येत नाही. कोपऱ्यातली खोली पाडून टाकली आणि तिथे स्वयंपाकघर बांधलं. सिमेंटचं, खाली जाड काँक्रीट. दोस्तमंडळी म्हणाली, आला ना शेठ शेवटी वळणावर. काकांनी त्यांनाही हसवून पाठवलं. पाडलेली माती ढिगात जाऊन पडली. ती टाकायची कुठे? नदीत नको, शेतात नको. ज्या खाणीतून आणली तिथे परत नेली, तर झाडाखाली कोणी नव्हतं. आणि खड्डा काठोकाठ भरलेला, ओला, गुळगुळीत, जणू त्यातून घमेलंभरही कोणी कधी नेलं नव्हतं. काका गाडी रिकामी न करताच परत आले आणि माती पुन्हा मागच्या अंगणात ओतली.

काकू लेकीकडे गेल्या होत्या त्या दिवसाची गोष्ट. घरात पाहुणे नव्हते. दुपारी एक तरुण जोडपं आलं. त्यांना पलीकडच्या उतारावर मातीचं छोटं घर बांधायचं होतं, काकांच्यासारखंच. बायकोला दिवस गेलेले होते. काकांनी काठी टेकत जाऊन पाणी आणलं, खुर्च्या पुसून दिल्या.

"तो मागचा ढीग विकायचाय का, काका?" नवऱ्याने विचारलं. "आमची माती कमी पडतेय."

काकांनी या प्रश्नाची तयारी करून ठेवली होती. कोणी विचारलं तर काय सांगायचं, ते त्यांनी काकूंना म्हणूनसुद्धा दाखवलं होतं. माती वाईट आहे, हात लावू नका, कुणाला लावू देऊ नका. त्यांनी त्या मुलीच्या पोटाकडे बघितलं, आणि तोंड उघडलं.

"घेऊन जा की," ते म्हणाले. आवाज मोठा गोड होता. "तुडवलेली आहे."

"वा," मुलगी म्हणाली. "मेहनत वाचली आमची."

काका पुन्हा बोलायला गेले. जीभ दगडासारखी पडून होती. तेवढ्यात मागे, स्वयंपाकघरात, काँक्रीटवर चाललेला थप, थप आवाज थांबला. थांबला, तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं की तो इतका वेळ चालू होता.